खेळामागचा मिस्त्री : इंदूरच्या गिरण्या, झांक्या आणि बोलिंगचे यंत्र

इंदूरचा इतिहास सांगायला बसलो की आम्हा मराठी मंडळींची गाडी राजवाड्यापासून सुटते. मल्हारराव, अहिल्यादेवी, यशवंतराव, तुकोजीराव अशी स्थानके घेत ती गाण्याच्या मैफलींपाशी थांबते, देवळालीकर गुरुजींच्या चित्रशाळेत डोकावते आणि रणजी करंडक चार वेळा जिंकणाऱ्या होळकर संघापाशी पोचली की सी. के. नायडूंच्या षट्कारांत रमते. हे सगळे खरे आहे आणि अभिमानाचे आहे. स्मरणिकांमधून त्यावर पुष्कळ लिहूनही झाले आहे. पण या शहराला सव्वाशे वर्षे ज्याने चालते ठेवले, ज्याच्या हातांवर आपल्या अनंत चतुर्दशीची सारी रात्र उभी राहिली, तो माणूस या गाडीत कुठेच बसलेला दिसत नाही. तो म्हणजे मिस्त्री. कुणी त्याला फिटर म्हणेल, कुणी मेकॅनिक. यंदा त्याच्याविषयी लिहावे असे आम्ही ठरवले.

निमित्त तसे आजचेच आहे. आपल्या घरांतली मुले, नातवंडे सुटीच्या दिवशी मॉलमध्ये जातात आणि तिथे बोलिंग खेळतात. लांबलचक गुळगुळीत फळ्यांवरून जड चेंडू सोडायचा, समोरच्या दहा पिना पाडायच्या, आणि काही क्षणांत त्याच पिना पुन्हा शिस्तीत उभ्या. चेंडूही आपोआप परत. पाडणाऱ्याच्या नावाने टाळ्या पडतात. उभ्या कोण करतो, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. लहान मुले मात्र विचारतात, आणि त्यांना दिलेले ‘मशीन करते’ हे उत्तर अर्धेच खरे असते. मशीन करते, पण मशीनला कोण करते? भिंतीमागे, गोंगाटात, ग्रीसने माखलेल्या हातांचा एक माणूस उभा असतो. त्याचे गोत्र आपल्या गिरण्यांतल्या मिस्त्रीचेच आहे. हे नाते कसे, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

साचा आला

इंदूरला कापडगिरणी आली ती रेल्वेच्याही आधी. दुसरे तुकोजीराव होळकर हे हिशेबी आणि दूरदृष्टीचे राजे. माळव्याचा कापूस बाहेर जातो आणि कापड होऊन महाग परत येतो, हे त्यांना दिसत होते. १८७० च्या सुमारास त्यांनी संस्थानची स्वतःची सूतगिरणी उभी केली. एखाद्या संस्थानिकाने गिरणी काढावी ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती. विलायतेहून आलेले जड साचे खांडव्यापासून घाट चढवून आणावे लागले आणि त्या कामी हत्ती लावले होते, असे जुनी मंडळी सांगत. याच तुकोजीरावांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने. राजाने सरकारला कर्ज द्यावे, आणि तेही लोखंडी रस्त्यासाठी! इंदूरचे यंत्रयुग असे सुरू झाले.

त्यानंतर विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत गिरण्यांची रांगच लागली. मालवा युनायटेड मिल, सर सेठ हुकुमचंद यांची हुकुमचंद मिल, मग स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार आणि नंदलाल भंडारी मिल. शहराच्या पूर्वेला आणि उत्तरेला धुराड्यांची एक नवीच क्षितिजरेषा तयार झाली. माणसे आली ती चहूकडून: निमाडातून, खानदेशातून, राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून. परदेशीपुरा हे नावच सांगते की तिथे वसणारे लोक ‘परदेशचे’ होते. पुढे कामगारांसाठी वसलेल्या नंदानगरला गुलझारीलाल नंदांचे नाव मिळाले. होळकरांच्या दप्तरात आणि फौजेत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केलेल्या आपल्या घरांतूनही कुणी हिशेबखात्यात, कुणी टाइमकीपर म्हणून, तर कुणी थेट साच्यांवर गिरणीत गेले. शेवटच्यांची नावे घराण्याच्या वंशावळीत असतात, पण त्यांचे काम काय होते ते त्या वंशावळीत सापडत नाही.

गिरणीत साचा आला तो लँकेशायरचा. हिंदुस्थानातल्या बहुतेक गिरण्यांत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांची यंत्रे असत. माहितीची पुस्तके इंग्रजीत, मापे इंची, आणि सुटा भाग मोडला तर बोटीने यायला महिने लागत. एवढे दिवस साचा बंद ठेवणे मालकाला परवडत नसे आणि कामगारालाही नाही, कारण खात्यातली मजुरी साच्यावर मोजली जाई. मग मोडलेला भाग हातात घेऊन तो कशासाठी आहे हे ओळखायचे, त्याचा लाकडी नमुना करायचा, ओतकाम करून घ्यायचे, लेथवर उतरवायचे आणि कानशीने घासत घासत बसवायचे. हे ज्याला जमे तो मिस्त्री.

मिस्त्री या शब्दाची गंमत अशी की तो पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ या शब्दावरून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ उस्ताद, गुरू. गाण्यातल्या उस्तादाला आपण पायांवर डोके ठेवून नमस्कार केला. साच्यामागच्या उस्तादाला मात्र ‘अरे मिस्त्री’ अशी हाक मारली.

कानाची विद्या

साधा यंत्रमाग काय करतो ते थोडक्यात पाहू. उभे धागे ताणलेले असतात. त्यांतले अर्धे वर आणि अर्धे खाली होतात, मधल्या फटीतून आडवा धागा घेऊन धोटा सपकन पलीकडे जातो, आणि फणी पुढे येऊन तो धागा ठोकून बसवते. वर-खाली करणे, धोटा मारणे, ठोकणे या तीन क्रिया मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा व्हाव्या लागतात, आणि एकमेकींच्या पायात पाय न घालता व्हाव्या लागतात. धोटा फटीत असतानाच फट मिटली तर शेकडो धागे तुटतात. धोटा उसळून बाहेर आला तर समोरच्या माणसाचा डोळाही जाऊ शकतो.

हा सगळा मेळ गोल फिरण्यातून जमवलेला असतो. मुख्य दांडा नुसता गोल फिरतो. त्याला भुजा जोडली की गोल फिरण्याचे पुढे-मागे होते. दुसऱ्या दांड्यावर अंड्यासारख्या आकाराचे चाक बसवले की गोल फिरण्याचे वर-खाली होते, आणि त्या चाकाचा आकार जसा घडवावा तसे ते वर जाणे, थांबणे, खाली येणे ठरते. या चाकाला कॅम म्हणतात. आडवा धागा तुटला तर ओळखून माग स्वतःच थांबवणारा छोटा काटाही त्यात असतो. वीज आणि संगणक येण्याच्या कितीतरी आधी लोखंडाच्या तुकड्यांना असा विचार करायला शिकवलेले होते.

आणि मिस्त्री तो विचार कानाने ऐकत असे. शेकडो मागांच्या गदारोळात, जिथे शेजारच्याशी ओठांच्या हालचालींवरून बोलावे लागते, तिथे एका मागाचा ठेका चुकला हे त्याला कळत असे. बेअरिंग कोरडे पडले, पट्टा सैल झाला, दात झिजला, प्रत्येकाचा आवाज निराळा. आपल्या इंदूरने तबल्यातली एक मात्रा चुकलेली ओळखणाऱ्या रसिकांचे कौतुक केले, ते योग्यच होते. पण त्याच शहरात, त्याच तीक्ष्णतेचे हजार कान रोज तीन पाळ्यांत कामाला लागलेले होते, हेही लिहून ठेवायला हवे.

भोंग्याच्या गावचा गणपती

अनंत चतुर्दशीची इंदूरची रात्र आपण साऱ्यांनी पाहिलेली आहे. ज्यांनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिली, त्यांना ती कधीच विसरता येत नाही. मिरवणुकीला आता शंभर वर्षे उलटली. हुकुमचंद मिलने १९२० च्या दशकात पहिली झांकी काढली असे मानतात. सुरुवातीला बैलगाड्या, कंदील, मशाली आणि गॅसबत्त्या. मग दुसऱ्या गिरण्या उतरल्या, चढाओढ लागली आणि दरवर्षी झांक्या मोठ्या, उंच, झगमगीत होत गेल्या. चिकमंगळूर चौराह्यापासून जेल रोड, एम. जी. रोड, जवाहर मार्ग, सीतलामाता बाजार, खजुरी बाजार करत पहाटे राजवाड्यापाशी येणारी ती रांग, पुढे पट्टे आणि बनेठी फिरवणारे आखाडे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आदल्या दुपारपासून सतरंज्या टाकून बसलेली खेड्यापाड्यांतली माणसे. असा गणेशोत्सव पुण्यामुंबईतही नाही, असे आम्ही म्हणतो, आणि ते नुसते गावप्रेम नव्हे. सार्वजनिक गणेशोत्सव लोकमान्यांनी १८९३ पासून महाराष्ट्रात रुजवला. इंदूरने त्याला गिरणी जोडली.

मिरवणुकीतून सांगण्याची हौस या शहराला त्याआधीही होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावले होते. १९१८ मध्ये त्याचा इंदूरवरचा दोन खंडी अहवाल प्रसिद्ध झाला. शहरात प्लेगची भीती होती. गेडिसने दिवाळीच्या वेळी एक मोठी मिरवणूक काढवली. तिच्यात प्लेगचा उंदीर होता, घाणीचे राक्षस होते, येणाऱ्या शहराची चित्रे होती, आणि मुख्य म्हणजे स्वच्छ कपड्यांत, हार घातलेले, नवे झाडू घेतलेले सफाई कामगार मानाने चालत होते. ज्यांच्यामुळे शहर जगते त्यांना मिरवणुकीत पुढे आणायचे, ही त्याची कल्पना. शंभर वर्षांनी, २०१७ पासून, हेच शहर स्वच्छतेत देशात पहिले येऊ लागले, हा योगायोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे. गेडिसच्या मिरवणुकीतून मिलच्या झांक्या निघाल्या असे आम्ही म्हणत नाही. पण सफाई कामगाराला जो हार त्या दिवशी मिळाला, तो झांकीखाली बसलेल्या मिस्त्रीला पुढच्या शंभर वर्षांत मिळाला नाही, एवढे खरे.

कारण झांकीची जादू होती ती हलण्यात. मारुतीने छाती फाडली की आत राम-सीता दिसायच्या. कालियाच्या फण्यावर कृष्ण नाचायचा. रावणाची दहा तोंडे मागेपुढे व्हायची. समुद्रमंथनात देव एकीकडे ओढत आणि दानव दुसरीकडे. मूर्ती घडवणाऱ्याचे, रंगवणाऱ्याचे नाव झाले. पण मंथन चालवायचा तो पाटाखाली बसलेला फिटर.

आणि तो ते चालवायचा साच्याच्याच विद्येने. साधी विजेची मोटर मिनिटाला चौदाशेच्या वर फेरे घेते. तिला जर थेट कृष्णाच्या कमरेला बांधले तर कृष्ण उडूनच जाईल! म्हणून आधी पट्टे, कप्प्या आणि दातेरी चाके लावून तो वेग मिनिटाला दहा-बारा फेऱ्यांवर आणायचा. मग भुजा जोडून गोलाचे मागेपुढे करायचे: झाले समुद्रमंथन. जिथे हालचाल थांबून थांबून हवी, म्हणजे मारुतीने छाती उघडून क्षणभर तशीच धरावी, तिथे कॅम लावायचा. मागावर अर्धे धागे वर धरून ठेवणारे चाक आणि मारुतीची छाती उघडी धरून ठेवणारे चाक, दोन्हींत तत्त्वाचा काही फरक नाही. दिवसा ज्या हातांनी कापड विणले, त्याच हातांनी रात्री पुराण चालवले.

त्यात अडचण अशी की गिरणीतला साचा दगडी पायावर घट्ट बसवलेला असतो आणि झांकी चालते खड्ड्यांच्या रस्त्यावरून. प्रत्येक धक्क्याला पट्टा सरकतो, बोल्ट ढिला होतो. जनरेटर खोकला की दिवे आणि देव एकदमच थांबतात. म्हणून झांकीच्या पोटात एक-दोघे पाना, पक्कड, तेलाची बुदली आणि सुटे पट्टे घेऊन रात्रभर बसत. बाहेर लाखो लोक, ढोल, गुलाल. आत धूर, उकाडा आणि फिरणारी चाके. राजवाड्यावर झांकी पोचली तरी त्यांना ती समोरून दिसत नसे. वर्षानुवर्षे झांकी चालवणाऱ्याने आपली झांकी कधी धड पाहिलीच नाही, असेच बहुधा घडत असणार.

दहा पिना आणि एक मिस्त्री

आता त्या बोलिंगकडे वळू. अमेरिकेत हा खेळ फोफावला तेव्हा पिना उभ्या करण्याचे काम मुले करीत. त्यांना पिनबॉय म्हणत. गल्लीच्या टोकाला खड्ड्यात उकिडवे बसायचे, चेंडू आला की पाय वर घ्यायचे, पडलेल्या पिना गोळा करून परत मांडायच्या आणि चेंडू उताराने परत सोडायचा. चेंडू सोळा पौंडांपर्यंत जड, पिना साडेतीन पौंडांच्या आसपास आणि पंधरा इंच उंच. उसळलेली पीन लागली की नडगी फुटे. लुइस हाइन या छायाचित्रकाराने १९१० च्या आसपास मध्यरात्रीपर्यंत काम करणाऱ्या अशा लहान मुलांची छायाचित्रे काढली आणि ती बालमजुरीविरुद्धच्या चळवळीत वापरली गेली. कापडगिरण्यांतल्या मुलांचीही छायाचित्रे त्याच हाइनने काढली होती. गिरणी आणि बोलिंग यांची पहिली गाठ अशी एका कॅमेऱ्यात पडलेली आहे.

मग १९३० च्या दशकात गॉटफ्रिड श्मिट नावाचा एक यंत्रज्ञ पिना आपोआप उभ्या करणाऱ्या यंत्राच्या मागे लागला. पिना उचलण्यासाठी त्याने आधी हवेच्या ओढीचा, म्हणजे चोषणाचा उपयोग केला. त्याचे हक्क घेतले ते अमेरिकन मशीन अँड फाउंड्री या कंपनीने, जिचा मूळ धंदा सिगारेटी वळण्याची यंत्रे करण्याचा. १९४६ मध्ये बफेलो शहरात एका मोठ्या स्पर्धेच्या वेळी ते यंत्र लोकांना दाखवले गेले. पण ते नीट चालते व्हायला आणखी पाच-सहा वर्षे गेली. १९५२ च्या सुमारास ते बाजारात आले आणि थोड्याच वर्षांत बिलियर्डची टेबले करणाऱ्या ब्रन्सविक कंपनीनेही आपले यंत्र आणले. पिनबॉय गेले. त्यांच्या जागी यंत्राच्या मागे मेकॅनिक आला.

हे यंत्र जवळजवळ टनभर वजनाचे असते आणि त्याच्यात पिनांचे दोन संच, म्हणजे वीसेक पिना, सतत फिरत असतात. चेंडू मागच्या गादीवर आदळला की पुढे एक आडवी पट्टी खाली येते. वरचे टेबल उतरते, ज्या पिना उभ्या राहिल्या त्यांना माना धरून उचलते. पट्टी पडलेल्या पिना मागे लोटते. टेबल उचललेल्या पिना जशाच्या तशा परत ठेवते, अगदी जागेवरून जराशी सरकलेली पीन सरकलेल्याच ठिकाणी. मागे पडलेल्या पिना फिरत्या पट्ट्यावरून एका मोठ्या चाकात जातात, चाक त्यांना वर नेते, तिथून एकेक करून, बुडाचे बूड आणि डोक्याचे डोके ठेवून, बारा-बारा इंचांच्या अंतरावरच्या दहा घरांत त्या भरल्या जातात. चेंडू निराळ्या वाटेने परत. हे सगळे दहाएक सेकंदांत, आणि गर्दीच्या रात्री हजारो वेळा.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल. पट्टे, कप्प्या, भुजा, कॅम, आणि चूक झाली की स्वतःच थांबण्याची सोय. जुन्या यंत्रांत तर सारा मेळ लोखंडाचाच. मागावरच्या मिस्त्रीला तिथे उभे केले तर नावे कळायला आठवडा लागेल, पण आवाज पहिल्या रात्रीच कळेल. कारण तिथलेही निदान कानाने होते. पिना चाकात अडकल्या की एक आवाज, पट्टा घसरला की दुसरा, टेबलाने पीन धड पकडली नाही की तिसरा. पुढे खेळणारे ओरडत असतात, ‘आमचा चेंडू आला नाही!’, आणि मागे अरुंद वाटेने मेकॅनिक धावतो. आत हात घालण्याआधी वीज बंद करायची हा पहिला नियम. घाईत तो मोडल्याने हात गेलेले आहेत आणि जीवही गेलेले आहेत. गिरणीत फिरत्या पट्ट्याने सदरा किंवा धोतराचा सोगा ओढल्याच्या गोष्टी आपल्याकडच्या वृद्धांनी ऐकलेल्या असतील. त्याच जातीचे हे धोके.

गिरणीत बोलिंग

गिरणी आणि बोलिंग यांची दुसरी गाठ आपल्या मुंबईत पडली, आणि ती फार बोलकी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या एकेक करून मोडल्या आणि जमिनींचे भाव आभाळाला भिडले. लोअर परळची फिनिक्स मिल १९०५ सालची. तिच्या आवारात १९९० च्या दशकाच्या अखेरीस बोलिंगचे खेळघर उघडले. कामगारांच्या करमणुकीची सोय म्हणून मंजुरी घ्यायची आणि प्रत्यक्षात पैसेवाल्या गिऱ्हाइकांसाठी खेळ मांडायचा, हे कसले न्यायाचे, असा आक्षेप तेव्हा कामगारांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी घेतला. पुढे त्या आवाराचा भला मोठा मॉल झाला. धुराडे मात्र शोभेसाठी राखले.

या घटनेकडे आम्ही निराळ्या बाजूनेही पाहतो. ज्या छपराखाली साच्यांचा खडखडाट होता, तिथेच पुन्हा एक साचा आला. तो चालवायला पुन्हा एक मिस्त्री लागला. पण ज्या हजारोंना साच्याचा आवाज कळत होता, त्यांना कुणी विचारले नाही. विद्या तीच होती, जागा तीच होती, फक्त माणसे बाहेर होती.

बंद पडलेला भोंगा

इंदूरची कथा मुंबईइतकी गाजली नाही, पण दुखणे तेच. १९७४ च्या कायद्याने इथल्या मालवा युनायटेड, कल्याणमल यांसारख्या गिरण्या सरकारकडे गेल्या. व्ही. व्ही. द्रविड, रामसिंहभाई वर्मा, होमी दाजी अशा पुढाऱ्यांनी घडवलेली कामगार चळवळ इथे भक्कम होती. दाजी तर १९६२ मध्ये इंदूरचे खासदार म्हणून दिल्लीला गेले. तरी साचे जुने झाले, यंत्रमागाचे स्वस्त कापड आले, आणि भोंगे थांबत गेले. हुकुमचंद मिल १९९१ च्या अखेरीस बंद पडली. ५,८९५ कामगारांची देणी अडकली. ती मिळवण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात बत्तीस वर्षे गेली. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला. तोवर कित्येक कामगार हे जग सोडून गेले होते आणि त्यांच्या वतीने सही करायला बायको, मुलगा किंवा सून आली.

पण या बत्तीस वर्षांत एक गोष्ट थांबली नाही, आणि ती आम्हाला इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. मिल बंद, पगार बंद, तरी झांकी निघत राहिली. वर्गणी मागून, विकास प्राधिकरणाची आणि महापालिकेची मदत घेऊन, बंद मिलच्या नावाने, तिच्याच कामगारांनी ती काढली. ज्या मिलने आपले पैसे बुडवले तिचे नाव झांकीवर लिहून रस्त्यावर का उतरावे? कारण ते नाव मालकाचे नव्हते, त्यांचे होते. ‘हुकुमचंदची झांकी’ म्हणजे हुकुमचंदच्या फिटरांची, सुतारांची, इलेक्ट्रिशियनांची झांकी. कोर्टात त्यांची थकबाकी मोजली जात होती, आणि रस्त्यावर त्यांची विद्या अजून चालते आहे हे वर्षातून एका रात्री सगळे शहर पाहत होते.

आता तीही विद्या उताराला लागली आहे. झांक्यांत एलईडीचे पडदे आले, तयार मोटरी आल्या, आणि चाके घासून बसवणारे हात थकले. बोलिंगमध्येही तेच चालले आहे. प्रत्येक पिनेला वरून दोरी बांधलेली नवी यंत्रे आली आहेत. दोरी ओढली की पिना उभ्या. भाग थोडे, बिघाड थोडे, मेकॅनिकची गरज थोडी. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या बोलिंगच्या मुख्य संघटनेने दोरीच्या पिनांच्या खेळाला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यताही दिली. जुने खेळाडू म्हणतात पिना पूर्वीसारख्या पडत नाहीत, आवाज वेगळा येतो. चालकांना तो आवाज परवडतो. पिनबॉय गेला आणि मेकॅनिक आला, आता मेकॅनिकचीही पाळी आली. साच्यांचा इतिहास असाच पुढे सरकतो, त्याला थांबवण्याची आमची इच्छा नाही. पण जो जातो त्याची नोंद तरी राहावी.

आपण काय करू शकतो

नोंद ठेवणे आपल्या हातात आहे, आणि वेळ थोडा आहे. १९९१ मध्ये जो फिटर चाळिशीत होता तो आज पंचाहत्तरीत आहे. गिरण्यांच्या जागा मोकळ्या होत आहेत, तिथे काय उभे राहील ते राहो. पण साच्याच्या भागांना इथे कोणती नावे होती, कोणत्या वर्षी कोणत्या झांकीत काय हलत होते आणि ते कसे हलवले होते, हे कुठल्याही दप्तरात नाही. ते माणसांच्या डोक्यात आणि हातांत आहे. आपल्या मंडळींनी बखरी जपल्या, मोडी कागद जपले, बंदिशी जपल्या. त्याच आस्थेने हेही जपता येईल. आपल्या ओळखीत, शेजारात, नात्यात मिलमध्ये काम केलेले कुणी असतील तर त्यांच्याजवळ बसा, बोलते करा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. घरातल्या जुन्या पेटीत मिलचा बिल्ला, हजेरीकार्ड, झांकीचे छायाचित्र असेल तर मागे नाव आणि वर्ष लिहून ठेवा. भाषेचा अडसर मानू नका. मिस्त्री मराठी बोलो, माळवी बोलो, की पूरबी बोलो, इतिहास एकाच शहराचा आहे.

आणि मुलांना बोलिंगला नेलेच, तर पिना पाडून झाल्यावर एकदा त्यांना मागे कोण आहे ते विचारायला सांगा. जमले तर यंत्र दाखवा म्हणावे. बहुतेक मेकॅनिक आनंदाने दाखवतात, कारण त्यांना असे कुणी विचारतच नाही. तसेच यंदाच्या अनंत चतुर्दशीला झांकी समोरून पाहून झाली की क्षणभर तिच्या पाटाखालीही वाकून पाहा. देव हलतात ते कुणाच्या तरी हाताने हलतात. विघ्नहर्त्याची पूजा करताना पडद्यामागे राहून रोजची विघ्ने दूर करणाऱ्या या हातांनाही नमस्कार करायला आपण विसरू नये, एवढीच या लेखामागची प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!